जशी आहे तशी : एका जुन्या मोटारसायकलीचा इतिहास

इतिहास म्हटला की चंद्रपूरकरांच्या डोळ्यांपुढे गोंड राजांचा परकोट उभा राहतो. जटपुरा दरवाजा, अचलेश्वराचे देऊळ आणि माणिकगडाची वाट या गोष्टी आपल्या पुष्कळ विद्वानांनी सांगितल्या आहेत. त्या सांगण्याचा अधिकार आमचा नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत जास्त झाले. तेव्हा ज्या वस्तूवर कामगारांचे हात फिरले आहेत अशा एखाद्या वस्तूचाच इतिहास आम्ही सांगावा, हे बरे. आज सांगायचा आहे तो एका जावा मोटारसायकलीचा. ही गाडी १९६३ साली म्हैसूरच्या कारखान्यात तयार झाली, चांद्यात नोंदली गेली आणि शेवटी वैनगंगेपलीकडे चामोर्शी तालुक्यातल्या एका गोठ्यात वीस-बावीस वर्षे पडून राहिली. युनियनमधल्या आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून ती न पाहता विकत घेतली.

न पाहता घेतली, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. पण हा व्यवहार आपल्या देशात नवा नाही. सरकारी लिलावाच्या जाहिरातीत एक ठरलेले वाक्य असते : माल जसा आहे तसा आणि जिथे आहे तिथे विकला जाईल. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा फौजेच्या जादा झालेल्या गाड्या याच बोलीवर विकल्या गेल्या. इंग्लंडच्या बीएसए कारखान्याने त्या युद्धासाठी एकाच नमुन्याच्या लाखावर मोटारसायकली केल्या होत्या, आणि युद्ध संपताच अशा गाड्यांचे ढीग जगभरच्या डेपोंत पडले. घेणाऱ्याने पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि मग डेपोत जाऊन आपल्या वाट्याला काय आले ते पाहायचे.

इतिहाससंशोधनातही हीच रीत होती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतली दफ्तरे मिळवत. दफ्तराचे फडके सोडेपर्यंत आत वतनाचे कागद आहेत की वाळवीने खाल्लेला चुरा आहे, हे कोणाला ठाऊक? अशाच दफ्तरांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्या कामाचा एक दंडक आम्ही वाचनातून उचलला. कागदावरची धूळ झाडावी, घडी हलक्या हाताने उलगडावी; पण जिथे अक्षर फाटले आहे तिथे आपल्या मनचे अक्षर घालू नये. मोटारसायकलीची साफसफाई करताना हा दंडक आमच्या फार उपयोगी पडला.

गाडी भाताच्या तणसाबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. चाके फिरत नव्हती. पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसला होता. टाकीत पेट्रोलऐवजी गंजाचा लाल भुगा होता. सीटखाली उंदरांनी संसार मांडला होता. सोबत मात्र एक मोलाची चीज आली, ती म्हणजे गाडीचे मूळ नोंदणीपुस्तक. त्यावर गावाचे नाव ‘चांदा’ असे आहे. जिल्ह्याला चंद्रपूर हे नाव १९६४ च्या सुमारास मिळाले, त्याच्या थोडे आधीचे हे पुस्तक. त्यात तीन मालकांच्या नोंदी आहेत : पहिला लाकडाचा ठेकेदार, दुसरा शाळेचा मास्तर, तिसरा कोळसाखाणीवरचा ड्रायव्हर. त्यांची नावे येथे सांगण्याचे कारण नाही. त्यांचे धंदेच पुरेसे बोलके आहेत.

आधी गाडीचे कूळ सांगतो. चेकोस्लोव्हाकियात प्राग शहरी फ्रांतिशेक यानेचेक नावाचे कारखानदार शस्त्रे बनवीत. पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रांची मागणी ओसरली. १९२९ साली त्यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले, आणि यानेचेकमधला ‘जा’ व वांडररमधला ‘वा’ मिळून ‘जावा’ हे नाव झाले. पुढे हिटलरच्या फौजांनी तो देश व्यापला. त्या काळात मोटारसायकलीवर नवे काम करण्यास मनाई असताना कारखान्यातील मंडळींनी गुपचूप २५० सीसीच्या एका नव्या गाडीचा नमुना तयार केला. युद्ध संपल्यावर १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात तिने सुवर्णपदक मिळवले. म्हणजे आपण जिला रुबाबाची गाडी म्हणून ओळखतो, तिचा जन्म परकी सत्तेखाली डोके खाली घालून काम करणाऱ्या कारागिरांच्या हातून झाला आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधने आणली, त्यामुळे येथेच कारखाने काढणे भाग पडले. मद्रासजवळ एन्फील्ड १९५५ साली सुरू झाली, ती मुख्यतः फौजेच्या मागणीमुळे. म्हैसूरला इराणी कुटुंबाने ‘आयडियल जावा’ काढली आणि १९६०-६१ पासून तेथे गाड्या बाहेर पडू लागल्या. फरीदाबादला एस्कॉर्ट्सने पोलंडच्या नमुन्यावरून ‘राजदूत’ काढली. आरंभी बरेच सुटे भाग बाहेरून येत. पुढे हळूहळू ते येथेच होऊ लागले. आमच्या गाडीवर हे संक्रमण डोळ्यांना दिसते. काही भागांवर झेक कारखान्यांचे ठसे आहेत, तर त्यांना लागूनच असलेल्या भागांवर कोणताही परदेशी ठसा नाही. पंचवार्षिक योजनांवरचे पुष्कळ ग्रंथ आम्ही वाचले. पण स्वदेशी उत्पादन म्हणजे काय, ते या दोन भागांमधल्या सांध्यावर बोट ठेवल्यावर अधिक नीट कळले.

आता साफसफाईकडे वळू. हे काम आम्ही एका वृद्ध मिस्त्रींच्या देखरेखीखाली केले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले की घाई करणाऱ्याने पान्याला हात लावू नये. प्लगच्या भोकातून डिझेल व तेल यांचे मिश्रण ओतून गाडी आठ दिवस तशीच ठेवली. नवव्या दिवशी हलक्या हाताने चाक मागेपुढे करताच पिस्टन सुटला. हातोडीने ठोकला असता तर त्याच्या कडा मोडल्या असत्या. टाकीत बारीक खडी घालून ती दोघांनी दोन दिवस हलवली, तेव्हा गंज निघाला. कार्बोरेटरच्या जेटमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा राळेसारखा थर होता. तो रॉकेलमध्ये भिजवून तांब्याच्या तारेच्या एका धाग्याने मोकळा केला. लोखंडी तार वापरली तर भोक मोठे होते आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते, हे मिस्त्रींचे ज्ञान कोणत्या पुस्तकातले नव्हे.

ही टू-स्ट्रोक गाडी. हिच्यात एका लिटर पेट्रोलला चाळीस मिलिलिटर तेल मिसळावे लागते, कारण इंजिनच्या आतल्या भागांना वंगण मिळते ते पेट्रोलबरोबरच. ते तेल पेट्रोलसंगे जळते आणि त्याची काजळी सायलेन्सरात बसते. गाडीला दोन सायलेन्सर आहेत. दोन्हींतून मिळून अर्धी बादली काजळी निघाली. किक आणि गिअर यांचा दांडा एकच : आत दाबून फिरवला की किक, सोडला की गिअर. साखळी पूर्ण झाकलेली आहे. या झाकणामुळेच चाळीस वर्षे मुरूम आणि कोळसा खाऊनही दातेचक्र शाबूत राहिले.

परंतु खरा इतिहास मिळाला तो मळात. लोक मळ धुऊन टाकतात. आम्ही तो थराथराने खरवडला. सर्वांत वरचा थर गोठ्याचा होता : शेणाची धूळ, तणस आणि कोंबड्यांची पिसे. त्याखाली तेलात कालवलेली काळी भुकटी होती, ती कोळशाची. त्याखाली, चौकटीच्या सांध्यांत आणि मडगार्डच्या आतल्या बाजूस, घट्ट बसलेला तांबडा मुरूम होता. नोंदणीपुस्तकातले मालक उलट्या क्रमाने वाचावेत, तसे हे थर होते.

मुरमाचा थर पहिल्या मालकाचा. तो काळ ध्यानात आणा. चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. वैनगंगेपलीकडे आगगाडी म्हणजे वडसा. तेथून दक्षिणेकडे आलापल्ली, भामरागड आणि सिरोंचा हा सारा मुलूख साग, बांबू व तेंदू यांचा. पावसाळ्यात नद्या चढल्या की गावेच्या गावे तुटून पडत. बल्लारपूरच्या १९४५ साली स्थापन झालेल्या कागद कारखान्याला बांबू लागे, तोही याच मुलखातल्या रानांतून येई. तोडणारा मजूर पायी जाई. हिशेबनीस आणि ठेकेदार गाडीने येत. कुपावर काम केलेल्या म्हाताऱ्या मजुरांकडून आम्ही ऐकले आहे की लांबून फटफटीचा आवाज आला की बायका हातातले काम टाकून उभ्या राहत. तो आवाज म्हणजे आठवड्याचा हिशेब. पैसे पूर्ण मिळतील की कापून मिळतील, हे फटफट थांबल्यावर कळे. ज्या गाडीला आज लोक हौसेने हात लावतात, तिची त्या काळी धास्तीही होती. इतिहास सांगायचा तर हेही सांगितले पाहिजे.

पुढच्या मडगार्डखाली आम्हांला जाड वॉशर सापडले, प्रत्येक बोल्टाखाली तीन-तीन. प्रथम त्यांचा अर्थ लागेना. मिस्त्री हसले. म्हैसूरच्या कारखान्याने मडगार्ड चाकाच्या जवळ बसवले होते. ते डांबरी सडकेला ठीक. इकडच्या चिखलात माती आत अडकून चाकच थांबे. म्हणून कोणा लोहाराने मडगार्ड दोन बोटे वर उचलले. मागचे कॅरिअरही कारखान्याचे नाही. लोखंडी पट्ट्या तापवून, वाकवून, खिळे ठोकून ते केले आहे. क्लचच्या बुचाच्या चकत्या मूळच्या आकाराच्या नाहीत; कोणीतरी त्या हाताने कापून बसवल्या आहेत. कुलपाच्या जागी किल्लीऐवजी घासून बारीक केलेला खिळा चाले, आणि तो खिळा हत्यारपेटीत चिंधीत गुंडाळून जपून ठेवलेला होता.

दुसरा मालक मास्तर. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तेंदूपानाचा व्यापार १९६९ च्या कायद्याने सरकारच्या नियंत्रणाखाली आला, आणि १९७४ साली वनविकास महामंडळ निघाले. जंगलातली ठेकेदाराची सद्दी संपली असे नाही, पण तिचे रूप पालटू लागले. याच वर्षांत गाडी ठेकेदाराच्या दारातून मास्तरांच्या दारात गेली.

तिसरा मालक खाणीवरचा ड्रायव्हर. त्याच्या नावे नोंद आहे १९७९ सालची. १ मे १९७३ रोजी देशातल्या दगडी कोळशाच्या उरलेल्या बहुतेक खासगी खाणींचे सरकारने राष्ट्रीयीकरण केले. पाठोपाठ पहिला राष्ट्रीय कोळसा वेतन करार झाला. त्याआधी खाणकामगाराच्या घरी सायकल असणे हीच मातब्बरी. करारानंतर त्याच्या हाती जो पैसा आला, त्यातून जुनी का होईना, मोटारसायकल दारी आली. वेतनकराराचे महत्त्व सांगताना आम्ही पुढारी मंडळी टक्क्यांचे आकडे सांगतो आणि श्रोते जांभया देतात. त्यापेक्षा हे नोंदणीपुस्तक दाखवावे : सोळा वर्षांत तीच गाडी ठेकेदाराकडून मजुराच्या घरी आली. हे आपोआप घडले नाही. त्यामागे संप आहेत, सभा आहेत आणि नोकरी गमावलेली माणसे आहेत.

आता गाडी गोठ्यात का गेली? जावाचे नाव १९७३ पासून ‘येझदी’ झाले, गाडी मात्र बरीचशी तीच राहिली. १९८४ पासून जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आल्या. १९९० नंतर धुराचे नियम आले आणि टू-स्ट्रोक इंजिनावर गदा आली. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. सुटे भाग मिळेनासे झाले आणि ड्रायव्हरने गाडी नदीपलीकडे नातलगाच्या गोठ्यात नेऊन ठेवली.

कारखाना बंद पडतो तेव्हा यंत्रे लिलावात जातात, जमीन विकली जाते आणि देणेकरी व घेणेकरी कोर्टात उभे राहतात. कामगाराला तेथे उभे राहण्याचा हक्क आहे की नाही, हाच एके काळी वादाचा प्रश्न होता. कंपनी मोडीत काढण्याच्या कामात कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली दिला. आणि १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांचे देणे तारणधारक सावकारांच्या बरोबरीने धरले गेले. पण एका मालमत्तेचा विचार त्या काळी फारसा कोणी केला नव्हता, ती म्हणजे नाव. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी हे नाव २०२२ साली नव्या कंपनीच्या नव्या गाड्यांवर पुन्हा झळकले. येझदी हे नाव कोणाचे, यावर कर्नाटक उच्च न्यायालयात वाद चालला. बंद कंपनीच्या वतीने लिक्विडेटर एका बाजूला आणि संस्थापकांच्या घराण्यातील वारस दुसऱ्या बाजूला. कायद्याचा निवाडा कायदा करील. आमचे म्हणणे एवढेच की ते नाव जाहिरातीने मोठे झाले नाही. म्हैसूरच्या कामगाराने सांधा नीट जोडला आणि आमच्याकडच्या लोहाराने मडगार्ड दोन बोटे उचलले, म्हणून गाडी चालली. आणि गाडी चालली म्हणून नाव टिकले.

गाडी सुरू झाल्याची बातमी पसरताच मोठ्या शहरातील एक शौकीन गिऱ्हाईक आले. आम्ही घातलेल्या पैशांच्या कितीतरी पट किंमत देण्यास ते तयार होते. अट एकच : कॅरिअर काढायचे, मडगार्ड खाली घ्यायचे, क्रोम व रंग नवा करायचा, म्हणजे गाडी ‘मूळ रूपात’ येईल. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले आहेत, त्यांतही भाषा हीच आहे. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. नियमामागचा हेतू चांगला आहे. जुन्या वस्तू भंगारात जाऊ नयेत, हे कोणालाही पटेल. पण त्यामुळे जतन करण्याजोगी गाडी बहुधा तिचीच ठरते, ज्याच्याजवळ गॅरेज आहे आणि चार गाड्या आहेत. जी गाडी रोज राबली, मोडली आणि गावच्या लोहाराने उभी केली, ती मूळची उरत नाही.

आमच्या पाच जणांत यावर दोन रात्री चर्चा झाली. दोघांचे म्हणणे होते की गाडी विकावी आणि आलेला पैसा मयत सभासदांच्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवावा. हे म्हणणे हलके नव्हते. पोराच्या फीपुढे लोखंडाचा कळवळा कोणी कशाला करावा? तिघांचे म्हणणे होते की कॅरिअर काढताच मागे राहील ती म्हैसूरहून नुकती आलेली गाडी, आणि तशा गाड्या शहरांत पुष्कळ आहेत. चांद्याची गाडी एवढीच. शेवटी ठरले ते असे : गाडी विकायची नाही, पण त्या मुलांसाठी आम्ही पाचही जण दरमहा ठरावीक रक्कम काढायची. विरोधातल्या दोघांनीच हा ठराव लिहिला, हे मुद्दाम सांगतो.

म्हणून आज ती गाडी युनियनच्या कचेरीत उभी आहे. तिचा गंज काढला आहे, रंग काढलेला नाही. टाकीवरचा तांबूस रंग जिथे पायांनी घासून उडाला आहे, तिथे तो उडालेलाच आहे. कॅरिअर जागेवर आहे, वॉशर जागेवर आहेत आणि खिळा हत्यारपेटीत आहे. तिन्ही थरांतला थोडा थोडा मळ आम्ही तीन बाटल्यांत भरून शेजारी ठेवला आहे. पाहायला येणारी मुले आधी गाडीवर बसायला मागतात. मग बाटल्यांकडे बोट दाखवून विचारतात, आणि मग खरी शिकवणी सुरू होते.

सज्जनहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी, गावाकडच्या गोठ्यात किंवा माळ्यावर अशी एखादी वस्तू पडली असेल : मोटारसायकल, शिवणयंत्र, पाणी ओढण्याचे इंजिन किंवा खाणीतला दिवा. भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी तिचे कागद शोधा. तिच्यावर कारखान्याचे काय आहे आणि गावाचे काय आहे, ते वेगवेगळे लिहून काढा. आणि ती दुरुस्त करणारे मिस्त्री हयात असतील तर आधी त्यांच्याकडे जा. वस्तू आणखी दहा वर्षे वाट पाहील, मिस्त्रींना तेवढा अवकाश नसतो. आमच्या मिस्त्रींचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. तांब्याच्या तारेची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा आमच्यातल्या एकाने ती वहीत उतरून घेतली. त्या वहीची आतापर्यंत चाळीस पाने भरली आहेत, आणि दर रविवारी सकाळी ती पुढे चालू आहे.